दमयंतीची पिंपं आणि निमेशचं नेट

आमच्या घोडपदेवच्या चाळीत कधी आलात तर दमयंती नाखवाचं घर कुणाला विचारायची गरज नाही. दुसऱ्या मजल्यावर ज्या दाराबाहेर सगळ्यात जास्त हंडे-कळशा दिसतील ते तिचं, आणि त्याच्या शेजारचं आमचं. आमच्या दाराबाहेर फक्त मी दिसेन, खुर्ची टाकून बसलेला. ही म्हणते, भांडं परवडलं, ते निदान वाजवल्याशिवाय वाजत नाही. ही म्हणजे नलू, माझी बायको. संसाराला पन्नास वर्षं होऊन गेली, पण तिची मालवणी सुटली नाही आणि मला बोलणंही सुटलं नाही.

तर दमयंती. जातीची कोळीण, नवरा बोटीवर होता तो गेला. एकुलता एक मुलगा, निमेश. सकाळी भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी आणायची आणि मग कॉटन ग्रीनच्या बाजारात पाट टाकून बसायचं, हा तिचा धंदा. आवाज असा की तिने बाजारात "पापलेट" म्हटलं की इकडे आमची मांजर उठून बसते.

या बाईला आयुष्यात दोनच गोष्टींवर भरवसा. एक पाणी आणि दुसरा बर्फ.

पाण्याचं असं की लहानपणी त्यांच्या कोळीवाड्यात समोर एवढा मोठा समुद्र आणि नळाला मात्र करंगळीएवढी धार. तिची सगळी शाळा म्हणे रांगेतच झाली. त्यामुळे नळाला पाणी आलं आणि घरात एखादं भांडं रिकामं आहे हे तिला बघवतच नाही. मोरीवरच्या पोटमाळ्यावर दोन निळी पिंपं, त्यांना खाली नळ काढलेला. ती भरायची. मग हंडे, कळशा, बादल्या. मग पातेली, कुकर, डबे. मी एकदा तिच्याकडे चहाला गेलो आणि आपुलकीने थर्मास उचलून कपात ओतला, तर पाणी. निमेशला शाळेत धावण्याच्या शर्यतीत कप मिळाला होता, तो बक्षिसाचा कपसुद्धा काठोकाठ. बरं, देईल कुणाला? छे! दारात आलेल्याला सुरमईची तुकडी देईल, पण कळशीभर पाणी मागितलंत की तिचा चेहरा असा होतो जसं काही तुम्ही तिची किडनी मागितलीत.

आणि बर्फाचं म्हणाल तर तो धंद्याचाच भाग. पण तिने तो घरातही आणला. आंबे बर्फात, औषधं बर्फात. निमेशच्या बारावीच्या परीक्षेत त्याच्या डोक्यावर बर्फाची पिशवी बांधून त्याला अभ्यासाला बसवला. तो पास झाला, तेव्हापासून तर तिला कुणी काही सांगू शकत नाही. "अप्पा," मला म्हणते, "मासली असू दे नायतर मानूस, गार ठेवला की टिकतो."

निमेश शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, कंपनीत लागला. कंपनीने मुंबईतलं ऑफिस बंद केलं आणि म्हणाली, घरूनच काम करा. दमयंतीला काय आनंद! मुलगा दिवसभर घरात, मांडीवर लॅपटॉप. चाळीत सगळ्यांना सांगत सुटली, "माजा पोरगा घरात बसून अमेरिकेशी बोलतो." घरात नेट आलं. विनीत नावाचा आमच्या भागातला केबलवाला आहे, त्याने मागच्या खिडकीतून वायर आत घेतली आणि वायर तोकडी म्हणून तो दोन शिंगांचा पांढरा डबा पोटमाळ्याच्या मागच्या भिंतीवर ठोकला. जाताना दम भरला, "काचेची तार आहे आत. हलवायची नाही, वाकवायची नाही. तुटली तर मला फोन करू नका." लॅपटॉप पुढच्या खोलीत, डबा मागे मोरीवर, मधे तारबिर काही नाही, सगळं हवेतून. आणि चाललं की हो छान! कित्येक महिने चाललं.

मग एके दिवशी काय झालं, दमयंती पोटमाळ्यावर चढली होती, तिचा हात त्या डब्याला लागला. गरम!

खाली उतरली ती थेट आमच्या दारात. "नलूवैनी, त्या डब्याला ताप आलाय."

नलू म्हणाली, "अगो मशीन तां. गरम होतलाच."

"गरम झाला म्हंजे खराब होईल ना? माजा पोरगा त्याच्यावर जेवतो!"

आणि तिने जे करायचं ते केलं. भिंतीशी बाजूला असलेली दोन्ही पिंपं रिकामी होती तोवर सरकवून त्या डब्याच्या बरोब्बर समोर लावली, दोन्हीकडे कडेला हंड्यांच्या उतरंडी रचल्या. चहूबाजूंनी पाणी, मधे डबा. गारेगार. नलूने वर बघून "बरा केलंस" म्हटलं, मीही मान डोलावली. गावाकडे आपण लोण्याचं मडकं पाण्यात ठेवतोच की! निमेश तेव्हा कानाला ती मोठी बोंडं लावून अमेरिकेशी बोलत होता. त्याला पत्ता नाही. आणि पोटमाळ्यावर पिंपं आहेत हे तो जन्मल्यापासून बघत आलेला, त्यामुळे ती त्याला दिसेनाशीच झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून नेट जायला लागलं.

बरं, जायचं तेही सकाळी. दमयंती धक्क्यावरून आली, नळाला पाणी आलं, भरणं झालं, ती बाजाराला गेली, आणि इकडे निमेशची मीटिंग सुरू झाली की लॅपटॉपवर ते चक्र गरागरा फिरायला लागायचं. संध्याकाळी बघावं तर सगळं झकास. मधल्या वेळात दमयंती बाजारातून येऊन पाट, टोपल्या, कोयता घासायची आणि पिंपं रिकामी व्हायची. हे आज मी तुम्हाला सहज सांगतोय. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ!

निमेश विनीतला फोन करायचा सकाळी, विनीत यायचा संध्याकाळी. दारातूनच मोबाइल लावून बघायचा आणि म्हणायचा, "चालू तर आहे की!"

"अरे सकाळी जातं."

"मग सकाळी बोलवायचं ना."

"सकाळीच बोलावलं होतं!"

"हा, पण मी आलो संध्याकाळी. आता चालू आहे. मी काय करू, बंद पाडून रिपेर करू?"

आता या गोष्टीत शरच्चंद्रराव येतात. शरच्चंद्रराव गुप्ते, आमच्याच मजल्यावरचे, मूळ गिरगावातले, विमा कचेरीतून निवृत्त. मराठी एकदम छापील. पंख्यापासून पाचरीपर्यंत सगळ्यातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज, आणि दमयंतीच्या हातच्या कोलंबीवर त्यांचा जीव, त्यामुळे बोलावण्याचीही वाट बघत नाहीत. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो बंद पडला आणि यांनी बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तो सुरू झाला. तेव्हापासून त्यांचं एकच शास्त्र.

"बंद करा. दहा अंक मोजा. चालू करा." मोरीतल्या भिंतीवरचं डब्याचं बटण खटाक बंद, खटाक चालू. चक्र फिरतंच आहे.

"आता लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावू."

"विसरायला?" मी विचारलं.

"हो अप्पा. विसरायचं आणि नव्याने ओळख करून द्यायची. निमेश, पासवर्ड काय रे?" हे त्यांनी मोरीतून विचारलं. निमेशने पुढच्या खोलीतून सांगितलं. शरच्चंद्ररावांना कमी ऐकू येतं. "काय?" निमेशने मोठ्याने सांगितलं. "मोठ्या लिपीत की छोट्या?" निमेश ओरडला. तेवढ्यात अख्ख्या गॅलरीने तो मोबाइलमध्ये भरून घेतला. तो होता दमयंतीच्या आवडत्या माशाच्या नावाचा, चाळीत कुणालाही विसरणं शक्य नाही. संध्याकाळी बघतो तर वरच्या मजल्यावरचीसुद्धा पोरं आमच्या गॅलरीला टेकून सिनेमे बघतायत. मग निमेशला वाटलं, गर्दीमुळे नेट जातंय. पासवर्ड बदलला. चाळ चार दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही, आणि सकाळचं नेट जायचं ते गेलंच.

मोबाइलवरून का नाही केलं, असं विचाराल. आमच्या चाळीच्या चारी बाजूंना उंच इमारतींचे टॉवर उभे राहिलेत, खोलीत रेंजच येत नाही. येते ती गॅलरीच्या टोकाला, संडासांच्या रांगेपाशी. निमेशने एक मीटिंग तिथे उभं राहून केली. बिचारा इंग्रजीत काहीतरी गंभीर सांगत होता आणि त्याच्या पाठीमागून एकेक माणूस बादली घेऊन आत जात होता आणि मोकळ्या चेहऱ्याने बाहेर येत होता. त्याची साहेबीण नूपुर मॅडम म्हणाली, "निमेश, पुन्हा असं बॅकग्राउंड नको."

वायर लावू म्हटलं तर त्या नव्या लॅपटॉपला वायरचं भोकच नाही. दुसरीकडे जाऊन बस म्हटलं तर कंपनीचा नियम, घरच्याच नेटवर बसायचं.

शेवटी शरच्चंद्रराव स्टुलावर चढले. दमयंती ज्यात पापलेट गुंडाळून ठेवते तो चंदेरी कागद त्यांनी हाताला गुंडाळला आणि पुढच्या खोलीत लहरी पकडत उभे राहिले. ते बघून मला आमच्या गावचा कुशाबाच आठवला. गावात एकच रेडिओ, शाळेच्या ओसरीवर. त्याची तार फणसाच्या झाडावर नेलेली, आणि तारेचं टोक कुणीतरी हातात धरलं तरच आवाज यायचा. ते काम कुशाबाचं. कुशाबा फांदीवर बसला की बातम्या मराठीत. कुशाबाला मुंगळा चावला की एकदम कुठलीतरी परकी भाषा. एकदा क्रिकेटची कॉमेंट्री होती तर कुशाबाला आम्ही उतरूच दिला नाही, त्याच्या बायकोने बांबूला पेज बांधून वर पोचवली. मॅच अनिर्णित राहिली आणि कुशाबा खाली उतरून पहिला शब्द बोलला तो असा होता की तो मला इथे लिहिता येत नाही.

हे मी रंगात येऊन सांगत होतो तर निमेश म्हणाला, "अप्पा, प्लीज." पोराच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मग मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हटल्यावर दमयंतीला कळलं, प्रकरण साधं नाही.

दुपारी जेवताना त्याने आईला सांगितलं. नलू वाटीभर सोलकढी द्यायला गेली होती, तिने ऐकलं आणि येऊन मला सांगितलं. सोमवारी सकाळी परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकासमोर निमेशने सगळं काम मांडून दाखवायचं. नूपुर मॅडमने स्पष्ट बजावलं होतं, यावेळी मधेच नेट गेलं तर घरून काम बंद. बेंगलोरच्या ऑफिसात तुझं टेबल तयार आहे, बॅग भरायची आणि यायचं.

दमयंती बोंबलाचा काटा काढत होती, ती थांबली.

"बेंगलोरला समुद्र हाय?"

"नाही गं आई."

"मंग मासली कुटची खानार तू?"

"मिळतात तिथेपण."

"मिलतात," ती म्हणाली. "कवाची असतात देव जाने." आणि उरलेला बोंबील तिने त्याच्या ताटात सरकवला. एवढंच बोलली. पण नलू सांगत होती, त्यानंतर तिने मोरीत जाऊन रिकामी कळशी घासायला घेतली ती घासतच बसली. नवरा गेल्यावर त्या घरात बोलायला एक निमेशच. तो गेला तर ती बोलणार कुणाशी, पिंपांशी?

आणि तिने ठरवलं, डब्याची आणखी काळजी घ्यायची. नेट जातं म्हणजे डब्याचा ताप वाढतोय, हा तिचा हिशेब. हंड्यांची आणखी एक रांग चढली. डब्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवणार होती, पण शॉक बसेल म्हणून नलूने अडवलं, मग प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरून शेजारी खुंटीला टांगला. जितकं नेट जाई तितकं ती पाणी वाढवी, आणि जितकं पाणी वाढे तितकं...! आता तुम्हाला दिसतंय ना? आम्हाला नाही दिसलं.

त्यात रविवारी बातमी, पाइपलाइनचं काम आहे, सोमवारी दिवसभर पाणी नाही. दमयंती नुसती पेटली. त्या रविवारी तिने जे पाणी भरलं तसं मी मुंबईत कधी पाहिलं नाही. पिंपं तर पिंपं, निमेशचा बक्षिसाचा कप, मिक्सरची भांडी, फुलदाणी, शरच्चंद्ररावांकडून आणलेला इडलीचा कुकर. आमच्याकडेही भरलं होतं, पण संध्याकाळी नलूचा भाऊ कल्याणहून सहकुटुंब आला, आणि त्या माणसाला दुसऱ्याच्या घरी आंघोळ केल्याशिवाय पाहुणचार झाल्यासारखा वाटत नाही. सगळे न्हाऊन, पावडर लावून गेले. आमच्या पिंपात खाली फक्त आवाज उरला.

सोमवार उजाडला. सोमवारी आमच्याकडे मासळी कोण घेणार, त्यामुळे दमयंती घरीच. मी आणि नलू तिच्या कॉटवर. शरच्चंद्रराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू परदेशी गिऱ्हाईक त्यांनाच बघणार. निमेश वरून शर्ट-टाय आणि खालून अर्धी चड्डी. लॅपटॉप उघडला. पडद्यावर नूपुर मॅडम आणि दोन गोरे. वायफायच्या त्या पंख्यासारख्या चित्रात एकच बारीकशी दांडी.

"गुड मॉर्निंग," निमेश म्हणाला.

"गु... नि... आ..." मॅडम म्हणाली आणि डोळे अर्धे मिटून तशीच राहिली. गोरे तोंड उघडून राहिले. चक्र फिरायला लागलं.

"बंद करू?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

"काही हात लावू नका काका, पाया पडतो!"

दमयंती दाराशी उभी. पदराचं टोक तोंडात. त्या शांततेत नलूच्या मनात काय आलं कोण जाणे, ती उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "दमयंती, दोन बादल्ये पाणी दी गे. घरात चुलीर ठेवक पाणी नाय."

अहो, काय वेळ आणि काय मागणं! दमयंतीने तिच्याकडे असं बघितलं की मी कॉटवर सरकून बसलो.

"आज नको मागू नलूवैनी. आज जीव माग."

"जीव घेवन काय करू? चाय करूची हा. अगो दी, तहानेल्याक दिलंस तर पोराच्या कामाक येयत."

त्या पोराच्या नावाने बाई विरघळली. देवाला बोलायचं ते बोलून झालं होतं, आता पुण्य तेवढं उरलं होतं. मोरीत जाऊन तिने पिंपाचा नळ सोडला. एक बादली भरली. दुसरी भरली. शेजारचे दोन हंडे उतरवून नलूच्या कळशांत रिते केले. आता नलूची घागर चालू होती, तेवढ्यात पुढच्या खोलीतून निमेश ओरडला, "आली! दुसरी दांडी आली!"

मॅडमचे डोळे उघडले. गोऱ्याचं तोंड मिटलं.

"आई, आत काय केलंस तू?"

"काय नाय रं बाबा, नलूवैनीला पानी दिलं. बंद करते." तिने घाबरून नळ बंद केला.

"नाही नाही, सोड! पुन्हा सोड!"

पुन्हा नळ सोडला. आमची घागर भरली. दोन गोऱ्यांपैकी एक हलायला लागला. निमेश उठला, मोरीच्या दारात आला आणि कित्येक वर्षांनी त्याने मान वर करून पोटमाळा बघितला. भांड्यांचं दुकानच ते. पिंपांच्या मागे कुठेतरी खोल एक हिरवा ठिपका बुडता बुडता लुकलुकत होता.

"आई, डबा कुठे आहे?"

"पिंपाच्या मागं. गार राहावा म्हनून."

निमेशने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अगं, पाणी अडवतं त्याला! पाण्यातून वायफाय जात नाही!"

"पानी कसं अडवेल?" दमयंती चिडली. "त्याच्यातनं तर आरपार दिसतंय!"

यावर शरच्चंद्ररावांनी मान डोलावली. मीही डोलावली. मुद्दा बिनतोड होता.

"तुला दिसतं आई, त्याला नाही दिसत. जेवढं पाणी उतरलं तेवढी वाट मोकळी झाली." पिंपाला खांदा लावून बघितला, शरच्चंद्ररावही लागले. भरलेलं पिंप ते, हलतंय कुठे! डबा काढावा तर काचेची तार. लॅपटॉप मोरीत न्यावा तर तिथेही मधे पिंपंच. पडद्यावरून मॅडमचा आवाज आला, "निमेश, सुरू करायचं का?"

निमेशने एकदा पिंपांकडे बघितलं, एकदा आईकडे. हळूच म्हणाला, "राहू दे आई. आज दिवसभर पाणी नाही. सांगतो मॅडमना, जातो बेंगलोरला."

दमयंती उभी होती. तिच्या एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला काठोकाठ भरलेलं पाणी, तेही पाणी नसलेल्या दिवशी. मला वाटलं, ही आता रडणार. पण ती तरातरा गॅलरीत गेली, कमरेवर हात ठेवला, आणि कॉटन ग्रीनच्या बाजारातला तो आवाज लावला.

"पानीऽऽऽ घ्या पानीऽऽऽ! ताजं ताजं पानी! ज्याला पायजे त्यानं घेऊन जा, लवकर याऽऽ!"

चाळीत कुणाचा कानांवर विश्वास बसेना. दमयंती नाखवा पाणी देतेय? वरच्या मजल्यावरची सुंदराबाई कठड्यावरून डोकावली आणि मला विचारलं, "अप्पा, तिला बरं नाही का?" मी म्हटलं, "तुम्ही आधी बादली आणा, प्रकृतीचं मग विचारा."

मग काय! बादल्या, टोप, टब, एकाने तर वरातीतली परात आणली. रांग जिन्यापर्यंत. आत दमयंती नळाशी, मधे शरच्चंद्रराव सेनापतीसारखे उभे. लॅपटॉपकडे बघून खुणा करायचे. बोट वर केलं की दांडी वाढली, हात आडवा केला की ओता. उतरंडीतले हंडे हातोहात गॅलरीत गेले. निमेशने बोलायला सुरुवात केली आणि काय बोलला म्हणता! मला एक अक्षर कळलं नाही, पण कुठे अडला नाही. आत पाण्याचा धो धो आवाज. पडद्यावरचा एक गोरा म्हणाला, "इज इट रेनिंग देअर?"

बाहेर जानेवारीचं लख्ख ऊन. निमेशने खिडकीकडे बघितलं. त्याच्या मागून सुंदराबाई टब डोक्यावर घेऊन गेली.

"यस सर," तो म्हणाला. "व्हेरी हेवी."

"मुंबई मान्सून!" गोरा खूश झाला आणि दुसऱ्याला समजावून सांगायला लागला.

पिंपं तळाला गेली, बक्षिसाचा कपसुद्धा रिकामा झाला, तेव्हा सगळ्या दांड्या लागल्या होत्या. शरच्चंद्ररावांनी दोन्ही हात वर केले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बरंचसं पाणी जिन्यावर सांडलं.

जेवायच्या वेळेला मॅडमचा निरोप आला. गिऱ्हाईक खूश, निमेशने घरूनच काम करावं, मात्र पावसाळ्यात खिडकी लावून बसावं. दमयंतीने ते दोनदा वाचून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं आणि निमेशच्या पाठीत एक धपाटा घातला, कारण तिला दुसरं काही सुचेना. शरच्चंद्रराव जाता जाता मला म्हणाले, "अप्पा, सकाळी घरून निघताना मी माझा स्वतःचा डबा एकदा बंद करून चालू केला होता. कधी कधी त्याचाही परिणाम होतो." मी म्हटलं, "होत असणार."

आणि थोड्या वेळाने आमच्या दारात सावली पडली. मी खुर्चीतून वर बघितलं तर दमयंती, हातात रिकामी कळशी. या बाईला रिकामी कळशी घेऊन चालताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. उंबऱ्यावर घुटमळली, गॅलरीत कुणी नाही ना ते बघितलं, आणि एवढ्या हळू आवाजात बोलली की आमची मांजरसुद्धा उठली नाही.

"नलूवैनी, कलशीभर पानी हाय काय गो? पोरगा कवाधरनं बोलतोय, घसा सुकला त्याचा."

नलूने आधी किडनी मागितल्यासारखा चेहरा करून दाखवला. अगदी हुबेहूब. मग दोघी हसायला लागल्या त्या थांबेचनात. नलूने कळशी काठोकाठ भरून दिली.

"उद्या नल आला की परत करते."

"परत कशाक गे? तुझाच पाणी तां."

दमयंती कळशी कमरेवर घेऊन निघाली. दोन पावलं गेली आणि मागे फिरली.

"अप्पा, तुमच्याकडं हातपंखा हाय काय, गावचा?"

"आहे की. कशाला?"

"डबा गरम लागतोय," ती म्हणाली. "आता निदान वारा तरी घालते."